व्हेप बंद पडला? फेकण्याआधी बाहेरून एवढं तपासा

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आणि आधीपासून व्हेप ओढणाऱ्या प्रौढ मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. भारतात बसून वाचत असाल तर दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. तिथे २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर, आयातीवर आणि साठ्यावर बंदी आहे, त्याबद्दल शेवटाकडे येईनच. आणि सिगारेट ओढत नसाल, नुसती उत्सुकता म्हणून हातात घेतला असेल, तर बंद पडला हे बरंच झालं.

आता मुद्द्याचं. डिस्पोजेबल, म्हणजे एकदा वापरून टाकायचा व्हेप दुरुस्त व्हावा म्हणून बनवलेलाच नसतो. त्याला स्क्रू नसतात, झाकण नसतं, सुटे भाग मिळत नाहीत. तरीही 'मेला' म्हणून बाजूला ठेवलेले सगळेच खरे मेलेले नसतात. कुठे भोकावरचं स्टिकर तसंच राहिलेलं असतं, कुठे खिशातला कचरा अडकलेला असतो, कुठे चार्जिंगची केबलच चुकीची असते. हे सगळं न उघडता, थोड्या वेळात बघून होतं. त्यानंतरही चालला नाही तर तो संपला असं धरायचं. आतल्या भागांना हात लावायचा नाही. का, ते पुढे सांगतो.

आत असतं काय

चारच गोष्टी आहेत आणि त्या कळल्या की बिघाड ओळखणं सोपं जातं.

पहिली बॅटरी. छोटा लिथियम-आयन सेल, साधारण ५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपासचा. पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या आसपास आला की सर्किट त्याला बंद करतं.

दुसरी कॉइल. बारीक तारेची किंवा जाळीची गुंडाळी, तिला चिकटून लिक्विडमध्ये भिजलेला कापूस. कॉइल तापते, कापसातलं लिक्विड उडतं, तीच वाफ तुम्ही ओढता. निरांजनातली वात तूप असेपर्यंत शांत जळते आणि तूप संपलं की वातच करपते, तसंच इथे होतं. जळकी चव म्हणजे लिक्विड नव्हे, कापूस जळतो आहे.

तिसरं लिक्विड. प्रॉपिलिन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वाद. ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमांनुसार टाकी जास्तीत जास्त २ मिलीची आणि निकोटिन जास्तीत जास्त मिलीला २० मिलिग्रॅम. म्हणून ते '६०० पफ'वाले नग प्रसिद्ध झाले. ६०० हा आकडा छोट्या, यंत्राने मोजलेल्या झुरक्यांचा असतो. तुम्ही लांब दम मारत असाल तर तेवढे कधीच निघणार नाहीत, आणि त्यात व्हेपचा काही दोष नाही.

चौथा, आणि सगळ्यात खोडकर, सेन्सर. बटण नसलेल्या व्हेपमध्ये बुडाशी नखाएवढी गोल चकती असते. तुम्ही ओढलं की आतला हवेचा दाब थोडा कमी होतो, चकतीतला पातळ पडदा हलतो आणि तिच्यातली चिप कॉइलला वीज सोडते. म्हणजे हवा नीट आत आली नाही तर बॅटरी भरलेली, लिक्विड भरलेलं, आणि तरी व्हेप मुका. चकतीवर ओल गेली तर दोनपैकी काहीही होऊ शकतं: ओढलेलं कळतच नाही, किंवा न ओढताच व्हेप सुरू होतो. दुसरा प्रकार धोक्याचा आहे.

सुरुवात दिव्यापासून

एकदा हळू, सलग तीन सेकंद ओढा आणि बुडाचा दिवा बघा. जोरात ओढायचं नाही. व्हेप सिगारेटसारखा खेचला की लिक्विड नळीत येतं आणि एका बिघाडाचे दोन होतात. स्ट्रॉने गरम काही पिताना जपून ओढतो तेवढाच जोर पुरे.

दिवा लागलाच नाही, तर हवा, सेन्सर किंवा पूर्ण रिकामी बॅटरी. दिवा दहा-पंधरा वेळा लुकलुकून विझला, तर जवळजवळ नक्की बॅटरी संपलेली. लुकलुकण्याची संख्या कंपनीगणिक वेगळी असते, पण सलग बराच वेळ लुकलुक म्हणजे बॅटरी, हे बहुतेक ठिकाणी लागू पडतं. दिवा नीट लागला पण वाफ नाही, तर कॉइल किंवा तिची जोडणी गेली, नाहीतर नळीत लिक्विड साचलंय. आणि आठ-दहा सेकंद सलग ओढल्यावर बंद झाला तर तो बिघाड नाही, कॉइल तापू नये म्हणून केलेली सोय आहे. सोडा, परत ओढा.

नवा कोरा, आणि चालत नाही

इथे नव्वद टक्के वेळा अडचण पॅकिंगची, असं मी म्हटलं असतं, पण मोजलेलं नाही. तरी सगळ्यात आधी तिथेच बघा. तोंडाकडच्या टोकात सिलिकॉनचं बूच असतं आणि बुडाच्या भोकावर छोटं स्टिकर किंवा दुसरं बूच. तोंडाकडचं सगळे काढतात, बुडाचं राहतं, कारण ते नगाच्याच रंगाचं असतं. उजेडात धरून बघा.

काही मॉडेलना बुडाशी सरकपट्टी असते. हवा कमी-जास्त करण्याची किंवा सरळ चालू-बंद करण्याची. बटण असेल तर पाच वेळा पटपट दाबून चालू करायची पद्धत रूढ आहे. पत्रक फेकून दिलं असेल तर डब्यावरची बारीक चित्रं बघा.

एवढं करूनही दिवा नाही, तर नग सदोष आहे किंवा वर्षभर शेल्फवर पडून बॅटरी उतरलेली आहे. पावती घेऊन दुकानात जा. यात एक मेख आहे. १ जून २०२५ पासून संपूर्ण ब्रिटनमध्ये एकदा वापरून टाकायचे व्हेप विकायला बंदी आहे, निकोटिन नसलेलेसुद्धा. आधीचा शिल्लक नग तुम्ही वापरला तर गुन्हा नाही, विकणं गुन्हा आहे. त्यामुळे काउंटरखालून काढून दिलेला स्वस्त नग बंद पडला तर बदलून कोण देणार? असल्या मालात २ मिलीपेक्षा मोठ्या टाक्या आणि नकली ब्रँड भरपूर असतात. कायदेशीर मालाच्या डब्यावर निकोटिन व्यसन लावणारं आहे असा मोठा इशारा छापलेला असतो, आणि एमएचआरए या सरकारी संस्थेकडे नोंदलेल्या उत्पादनांची यादी सर्वांना बघता येते. शंका आली तर नाव तिथे शोधा.

चालता चालता थांबला

आधी हवेची वाट. पकडताना बोट बुडाच्या भोकावर येत नाही ना? हसू नका, हे होतं. मग ते भोक नीट बघा. जीन्सच्या खिशात व्हेप ठेवला की धाग्यांचा भुगा तिथेच जाऊन बसतो. कोरड्या मऊ ब्रशने किंवा लाकडी टूथपिकच्या टोकाने वरवरचा कचरा काढा. आत खुपसू नका, पडदा तिथून फार लांब नसतो. सुई, पिन, कागदाची क्लिप, असलं काही चालणार नाही. धातू आणि लिथियमची गाठ घालायची नाही.

मग नळीतलं लिक्विड. ओढताना गुरगुर आवाज येत असेल, जिभेवर कडवट थेंब येत असतील, तर कॉइल बुडाली आहे. तोंडाकडचं टोक खाली करून ते टिश्यूवर हलक्या हाताने दोन-चारदा आपटा. मग तोंडाकडून हळूच फुंका, बुडाच्या भोकाशी टिश्यू धरून. पुन्हा सांगतो, हळूच. जोरात फुंकलं तर लिक्विड थेट सेन्सरवर जातं. टोक पुसून व्हेप दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवा. हाताला लिक्विड लागलं तर लगेच साबणाने धुवा, निकोटिन त्वचेतूनही शरीरात जातं.

आता थंडी. आपल्याकडून आलेल्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही. जानेवारीत बसस्टॉपवर अर्धा तास उभं राहिल्यावर व्हेप लुकलुकतो, वाफ बारीक येते किंवा येतच नाही. थंडीत लिथियमच्या सेलची वीज देण्याची ताकद कमी होते आणि ग्लिसरीन घट्ट होऊन कापसात पोचत नाही. घरात येऊन खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवा, किंवा कोटाच्या आतल्या खिशात. रेडिएटरवर ठेवायचा नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. उलट उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर लिक्विड पातळ होऊन गळतं, सेन्सर भिजतो, आणि सेललाही ती उष्णता सोसत नाही.

चार्ज होत नसेल तर

हा भाग चार्जिंगचं पोर्ट असलेल्यांसाठीच. बंदीनंतर दुकानात कायदेशीरपणे जे मिळतात ते सगळे चार्ज होणारे आणि पुन्हा भरता येणारे असतात, त्यामुळे हल्ली सगळ्यात जास्त तक्रार इथलीच.

पहिलं कारण केबल. आजकाल फोनसोबत दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली केबल येते. पुष्कळ स्वस्त व्हेपच्या पोर्टमध्ये दोन छोटे रोधक (रेझिस्टर) बसवलेले नसतात. ते नसले की टाइप-सी चार्जरला पलीकडे काही जोडलंय हेच कळत नाही आणि तो वीज सोडतच नाही. दिवाही लागत नाही. माणूस व्हेप फेकून देतो, दोष दुसरीकडेच. जुन्या पद्धतीचा चपटा यूएसबी एका टोकाला आणि टाइप-सी दुसऱ्या टोकाला अशी केबल घ्या, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला किंवा लॅपटॉपला लावा. बहुतेक वेळा दिवा लगेच लागतो.

तरीही नाही लागला तर पोर्टमध्ये भुगा अडकलाय का बघा (केबल काढून, टूथपिकने). बॅटरी अगदी खाली उतरलेली असेल तर सर्किट सुरुवातीला अतिशय कमी वीज देतं, दिवा लागायला वेळ जातो. वीस-तीस मिनिटं तशीच लावून ठेवा आणि मग ठरवा.

चार्जिंगला टेबलावर किंवा फरशीवर ठेवा, गादीवर, उशीखाली नाही. एवढा छोटा सेल साधारण तासाभरात भरतो. रात्री लावून झोपण्याची सवय फोनची आहे, ती इथे आणू नका. शेअरिंगच्या घरात चार जणांच्या खोल्या एकाच जिन्याला लागून असतात, हे लक्षात असू द्या.

पॉडवाले नग

बदलायचा पॉड, म्हणजे लिक्विड आणि कॉइल असलेली सुटी डबी, असेल तर तो काढा आणि खालचे पितळी टाचणीसारखे संपर्कबिंदू बघा. तिथे लिक्विडचा थर साचला की दिवा लागतो पण वाफ नाही, किंवा स्क्रीनवर पॉड सापडत नसल्याची सूचना येते. कोरड्या कापसाच्या काडीने दोन्हीकडचे बिंदू पुसा आणि पॉड टक आवाज येईपर्यंत बसवा. नवा पॉड लावला की पाच-दहा मिनिटं थांबा, कापूस भिजायला तेवढा वेळ लागतो. घाई केली की पहिल्याच झुरक्याला कापूस करपतो आणि मग ती चव पॉड संपेपर्यंत जात नाही.

स्क्रीनवरच्या लिक्विडच्या टक्क्यांवर फार विश्वास ठेवू नका. बहुतेकांत ते आत मोजलेलं नसतं, किती सेकंद ओढलं यावरून काढलेला अंदाज असतो. २० टक्के दिसत असताना जळकी चव आली तर जीभ खरी.

जळकी चव आली की

ओढणं थांबवा. थोडा वेळ उभा ठेवून एकदाच छोटा झुरका घेऊन बघा. कापूस नुसता तात्पुरता सुकला असेल तर चव सुधारते. नाही सुधारली तर त्या नगाचं किंवा पॉडचं काम संपलं. पैसे दिलेत म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत रेटू नका. कोरडी कॉइल जास्त तापते तेव्हा ग्लायकॉल आणि ग्लिसरीन फुटून फॉर्मल्डिहाइड आणि अॅक्रोलिन तयार होतात. दोन्ही श्वासात जायला नको अशी रसायनं आहेत.

इथे सगळी तपासणी सोडायची

न ओढता दिवा लागला, आपोआप वाफ यायला लागली, नग हाताला चटका बसेल इतका गरम झाला, फुगला, किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर यापुढचं काहीही करायचं नाही. चार्जिंगला असेल आणि सुरक्षितपणे जमत असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करा. नग खिशातून, बॅगेतून बाहेर काढा आणि घराबाहेर दगडावर, काँक्रीटवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. त्यातून धूर किंवा फसफस सुरू झालेली असेल तर हातच लावू नका. बाहेर पडा, दार ओढून घ्या, ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावा.

आपोआप सुरू होणारा व्हेप थोड्या वेळाने 'बरा झाला' असं वाटलं तरी परत वापरू नका. सेन्सर एकदा भिजला की तो पुन्हा कधी चिकटेल याचा भरवसा नाही, आणि तेव्हा तो तुमच्या झोपेत उशाशी असेल.

जे व्हिडिओत दिसतं आणि करायचं नाही

यूएसबीची केबल कापून तिच्या उघड्या तारा सेलला लावायच्या, हा प्रकार फार फिरतो. पोर्ट नसलेल्या व्हेपमधला सेल पुन्हा भरता येण्याजोगा असतो हे खरं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सेल तपासले, तेव्हा ते शेकडो वेळा भरता येतात असं दिसलं. असा सेल एकदा वापरून फेकायचा, याचा मलाही संताप येतो. पण प्रयोगशाळेत तो भरताना व्होल्टेज आणि प्रवाह यांवर नियंत्रण होतं. कापलेल्या केबलमधून थेट ५ व्होल्ट येतात, सेलला झेपतात ४.२, आणि मध्ये थांबवणारं कोणी नसतं.

पक्कड घेऊन आवरण उघडणंही तसंच. सेलचं वेष्टण पातळ असतं, पकडीच्या एका दाताने आतले थर एकमेकांना टेकतात. फ्रीजरमध्ये ठेवणं, मायक्रोवेव्ह, पाण्याने धुणं, सिरिंजने लिक्विड भरणं, यांवर वेगवेगळं लिहीत बसत नाही.

फेकायचा कुठे

घरच्या कचऱ्यात नाही, आणि रिसायकलिंगच्या डब्यातही नाही. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, सेल चिरडला की पेट घेतो. गाड्यांना आणि कचरा केंद्रांना अशा बॅटऱ्यांमुळे आगी लागणं हा इथल्या कौन्सिलांचा मोठा डोकेदुखीचा विषय आहे. २०२३ मध्ये मटेरियल फोकस या संस्थेने केलेल्या पाहणीत ब्रिटनभर आठवड्याला जवळपास ५० लाख डिस्पोजेबल व्हेप फेकले जात असल्याचं पुढे आलं होतं.

व्हेप विकणाऱ्या दुकानाने जुना नग परत घेणं बंधनकारक आहे. डबा समोर दिसला नाही तरी काउंटरवर मागा. मोठ्या सुपरमार्केटांत बहुधा दाराजवळच जमा करायची सोय असते. नाहीतर कौन्सिलचं रिसायकलिंग केंद्र, ज्याला इथे सगळे 'टिप' म्हणतात. तोपर्यंत घरात साठवायचे असतील तर थंड, कोरड्या जागी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. न वापरलेल्या एका नगात २ मिली लिक्विड, मिलीला २० मिलिग्रॅम या हिशेबाने ४० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन असतं. रंगीत, फळांच्या वासाची नळी बाळ तोंडात घालणारच. लिक्विड गिळल्याची शंका आली तर १११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा. मूल सुस्त पडलं, झटके आले, श्वासाला त्रास होऊ लागला तर थेट ९९९.

सुट्टीला घरी जाताना

बंद पडलेला असो की चालू, भारतात नेऊ नका. 'आपल्यापुरता एकच आहे' हे कस्टम्सच्या टेबलावर उपयोगाचं नाही, कारण बंदी आयातीवरही आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत. नुसत्या साठ्यालाही सहा महिने किंवा ५० हजारांपर्यंतची तरतूद आहे. तिकीट सिंगापूरमार्गे असेल तर तिथे २०१८ पासून व्हेप जवळ बाळगणंही गुन्हा आहे. युरोपातल्या प्रवासात व्हेप चालत असेल तिथेही तो हातातल्या बॅगेत ठेवायचा, सामानात टाकलेल्या बॅगेत कधीच नाही. विमानात हवेचा दाब कमी झाला की लिक्विड बाहेर येतं, म्हणून उतरल्यावर पहिला झुरका घेण्याआधी वर सांगितलेला टिश्यूचा उपाय करून घ्या.

तीन-चार आठवडे घरी राहणार असाल तर निकोटिनच्या तलफेची तयारी इथूनच करा. एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेची सिगारेट सोडवणारी सेवा मोफत आहे, व्हेप सोडायचा असेल तरी त्यांना विचारता येतं. निकोटिनची च्युइंगगम पुण्या-मुंबईतल्या केमिस्टकडेही मिळते. ती जेवणानंतर लगेच बडीशेपेसारखी चघळायची नसते. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायची, आणि चहा-कॉफी प्यायल्यावर पंधरा मिनिटं तोंडात घालायची नाही.